जकणाचार्याचे वारस

हुबळीस किंवा धारवाडास ज्यांचे सोयरेधायरे आहेत, अशी मराठी घरे बडोद्याच्या जुन्या वाड्यांतून आजही निघतील. लग्नकार्याच्या निमित्ताने तिकडे जाणे होते, दोन दिवस मुक्काम पडतो, धारवाडी पेढ्यांचे पुडे बांधून घेतले जातात आणि मंडळी परत फिरतात. हुबळीहून धारवाडकडे जाताना वाटेत अमरगोळ लागते, हे मात्र फारच थोड्यांच्या लक्षात असते. पूर्वीचे हे लहानसे गाव आज हुबळी-धारवाड महापालिकेच्या हद्दीत सामावले आहे. नाव निघाले की लोकांना आठवते ती तेथील बाजार समिती. मिरची आणि कापसाच्या व्यवहाराची ती जागा. परंतु याच अमरगोळात शंकरलिंग आणि बनशंकरी अशी दोन जुनी देवळे उभी आहेत. सुमारे आठ-नऊशे वर्षांमागे, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात घडलेल्या दगडांची ती कामगिरी होय.

हे चालुक्य आपल्याला अगदीच परके नाहीत. ज्या मिताक्षरेच्या आधारावर आपल्या आजे-पणज्यांच्या वाटण्या झाल्या, कोर्टकचेऱ्यांत ज्या ग्रंथाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले, तो विज्ञानेश्वराचा ग्रंथ याच घराण्यातील सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत रचला गेला. घरातील जमिनीची वाटणी ज्या काळाने शिकविली, त्याच काळाने अमरगोळचे दगडही घडविले. मात्र पहिल्या वारशाचे कागद आपण जपून ठेवले आणि दुसरा वारसा रस्त्याच्या कडेला सोडून दिला.

ही देवळे कोणी बांधली, असे तिकडे विचारले तर उत्तर ठरलेले असते. जकणाचार्याने! कानडी मुलखात कोठेही नक्षीदार जुने देऊळ दिसले की ते जकणाचार्याच्या नावावर जमा होते. अमरगोळचे शंकरलिंगही त्यास अपवाद नाही. या उत्तराला हसण्याचा अधिकार आपणा मराठी माणसांस मुळीच नाही. आपणही काळ्या दगडाचे, चुन्यावाचून रचलेले देऊळ पाहिले की बेधडक 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील प्रधान. परंतु अंबरनाथचे देऊळ शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधले. हेमाद्रीचा जन्मही व्हावयाचा होता, तेव्हापासून ते उभे आहे! तरीही लोकांच्या तोंडी ते हेमाडपंतीच. जुन्या दगडाला एखाद्या माणसाचे नाव दिल्याखेरीज तो आपला वाटत नाही, हीच यातील खरी गोष्ट असावी.

खरे कारागीर निराळेच होते, आणि त्यांच्यापैकी काहींनी आपली नावे लिहूनही ठेवली आहेत. बेलूरच्या देवळात दासोज नावाच्या शिल्पकाराचे आणि त्याचा मुलगा चावण याचे नाव मूर्तींखाली कोरलेले आढळते. हा दासोज बळ्ळिगावीचा, म्हणजे चालुक्यांच्याच मुलखातला. होयसळांनी १११७ साली बेलूरचे देऊळ उभारले तेव्हा हा बापलेकांचा जोड आपल्या छिन्न्या घेऊन दक्षिणेस उतरला. दासोज कोण हे आज अभ्यासकांस ठाऊक, जकणाचार्य मात्र पोराटोरांस ठाऊक. अमरगोळच्या नावात 'अमर' आहे, पण तेथील पाथरवटांपैकी एकाचेही नाव लोकांच्या ओठावर अमर झाले नाही.

या कारागिरांना यश देणारा दगडही त्याच मातीतला. बदामी-ऐहोळेच्या काळात वालुकाश्मात काम होत असे. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या शिल्पकारांनी धारवाड भागातला हिरवट-काळसर, बारीक कणांचा मऊ दगड हाती घेतला. अण्णिगेरीचे अमृतेश्वर, लक्कुंडीचे काशीविश्वेश्वर ही या दगडातील कामे. खाणीतून काढल्यावर हा दगड मऊ असतो, हवेत राहून पुढे टणक होतो. त्यामुळे खांब चरकावर लाकडासारखे कातता आले आणि दारांच्या चौकटीवर वेलबुट्टी सोनाराने काढावी तितकी बारीक निघाली. या प्रदेशातील अतिप्राचीन खडकांना भूशास्त्रज्ञांनी पुढे 'धारवाड' हेच नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले.

बापाच्या मूर्तीला मुलाची परीक्षा

जकणाचार्याची एक कथा कर्नाटकात घरोघर सांगतात. तरुणपणी तो घर सोडून गेला. मागे त्याला मुलगा झाला, डंकण त्याचे नाव. तोही शिल्पी झाला आणि बापाला शोधीत बेलुरास पोचला. तेथे जकणाचार्य केशवाची मूर्ती घडवीत होता. या पोराने मूर्तीकडे पाहून सांगितले की दगडात दोष आहे. म्हातारा चिडला. दोष निघाला तर उजवा हात तोडून देईन, अशी त्याने प्रतिज्ञा केली. मूर्तीला चंदनाचा लेप दिला. सगळीकडे लेप वाळला, नाभीजवळ तेवढा एक ठिपका ओला राहिला. तेथे छिन्नी मारताच आतून पाणी आले आणि एक जिवंत बेडूक बाहेर उडाला. जकणाचार्याने आपला हात तोडला, मग बापलेकांची ओळख पटली. पुढे देवाच्या कृपेने कैदाळ येथे त्याचा हात परत आला, म्हणून त्या गावाचे नावच हातावरून पडले, असे सांगतात. कानडीत 'कै' म्हणजे हात.

या कथेवर १९६४ साली 'अमरशिल्पी जकणाचारी' हा चित्रपट निघाला. दिग्दर्शक बी. एस. रंगा. पूर्ण लांबीचा पहिला रंगीत कानडी चित्रपट म्हणून त्याची नोंद आहे. कानडी बोलपटाने पहिल्यांदा अंगावर रंग घेतले ते नव्या शहराची गोष्ट सांगण्यासाठी नव्हे, तर एका पाथरवटाची कथा सांगण्यासाठी, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कथेचे मर्म मला चमत्कारात दिसत नाही. मुलगा बापाच्या मूर्तीपुढे हात जोडून उभा राहिला नाही आणि घण घेऊन ती फोडावयासही धावला नाही. त्याने तिची परीक्षा केली, ओला ठिपका शोधला. प्राचीन शिल्पांकडे आणि चित्रांकडे वळणाऱ्या आजच्या कलावंताचे काम याहून निराळे नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या कलावंतांनी ही परीक्षा कशी केली, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

नकलेची पहिली पायरी

आरंभ नकलेपासून झाला. अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्याचे काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने अनेक वर्षे केले. त्याच्या बहुतेक प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गेले आणि तेरा वर्षे हेच काम चालले. त्यांच्याही शंभरावर प्रती १८८५ साली लंडनच्याच आगीत नष्ट झाल्या. इतक्या हालांनंतर काय उरले, असे कोणी विचारील. उरली ती मुलांची सवय झालेली बोटे! ग्रिफिथ्सच्या हाताखाली अजिंठ्याच्या भिंतींपुढे बसलेल्या तरुणांनी इंग्रजी शाळेत जे शिकले नसते ते भिंतीकडून शिकून घेतले.

संस्थानिकांनीही यात आपला वाटा उचलला, ही गोष्ट बडोदेकरांस सांगावयास नकोच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. कलावंतांची तुकडी घेऊन ते अजिंठ्यास गेले, नकला करविल्या, लेण्यांवर पुस्तक लिहिले आणि पुढे १९३८ साली औंधास वस्तुसंग्रहालय उभे केले. ग्वाल्हेर संस्थानात पुराणवस्तू खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे होते. त्यांच्या खात्याने १९२१ साली बाघच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करविल्या. त्यासाठी शांतिनिकेतनाकडून नंदलाल बोस आणि त्यांचे सहकारी आले. बाघची मूळ चित्रे त्यानंतर अधिकच फिकी पडली. आज त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते त्यात या नकलांचा वाटा फार मोठा आहे.

'ही तर नक्कल' असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. नक्कल ही वारसाची पहिली नोंद होय. परंतु नोंद म्हणजे भोग नव्हे. नकलेवरच जो थांबला त्याचा वारसा कागदावरच राहिला.

कीर्तिमंदिराच्या भिंती

याच नंदलाल बोसांनी त्याआधी, १९०९ ते १९११ च्या सुमारास, लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्यास राहून नकला केल्या होत्या. त्यानंतर तीस वर्षांनी ते बडोद्यास आले. कीर्तिमंदिर हे गायकवाड घराण्याचे स्मारक. त्याच्या चार भिंती रंगविण्याचे काम १९३९ पासून १९४६ पर्यंत टप्प्याटप्प्याने चालले. गंगावतरण, मीराबाईचे चरित्र, रवींद्रनाथांच्या 'नटीर पूजा' या नाटकातील प्रसंग आणि भारतीय युद्ध असे चार विषय त्या चार भिंतींवर आहेत.

अजिंठा पाहिलेल्या माणसाने या भिंतींपुढे जरा निवांत उभे राहावे. रेषेचा तो लवचीक ओघ, माणसांच्या घोळक्यातून घोळक्याकडे सहज सरकणारी गोष्ट, चौकटी न आखताही प्रसंग वेगळे ठेवण्याची हातोटी, हे सारे लेण्यांतूनच आलेले आहे. पण एकही आकृती लेण्यातली उचललेली नाही. तीस वर्षे मुरल्यावर नक्कल नाहीशी झाली आणि केवळ शक्ती उरली. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी कीर्तिमंदिराच्या आवारात खेळून आत मात्र कधी मान वर करून पाहिले नसेल. अमरगोळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या हुबळीकराला नावे ठेवण्याआधी आपण आपल्या अंगणाकडे पाहिलेले बरे.

बडोद्याने पुढे आणखी एक गोष्ट साधली. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० च्या सुमारास एकीकडे ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि दुसरीकडे पुराणवस्तुशास्त्राचा विभाग. चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख ना. श्री. बेंद्रे हे इंदूरचे मराठी गृहस्थ. शहराच्या कडेला अकोट्यात त्याच सुमारास जैन ब्राँझ मूर्तींचा मोठा साठा सापडला, उमाकांत शहांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मूर्ती बडोद्याच्या संग्रहालयात आल्या. म्हणजे एकाच गावात काही जण जमिनीतून जुने बाहेर काढीत होते आणि काही जण कागदावर नवे उमटवीत होते.

मातीतून निघालेली मस्तके

या योगाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे हिम्मत शहा. त्यांचा जन्म १९३३ सालचा, लोथलचा. त्यांच्या जन्माच्या वेळी तेथे टेकाडाखाली काय आहे हे कोणास ठाऊक नव्हते. १९५४ साली एस. आर. राव यांनी ते टेकाड हेरले आणि पुढील वर्षापासून उत्खनन होऊन हडप्पा संस्कृतीचे गाव, विटांनी बांधलेला प्रचंड हौद, मणी घडविण्याचा कारखाना हे सारे उजेडात आले. त्याच सुमारास गावचा हा मुलगा बडोद्यास बेंद्र्यांच्या हाताखाली शिकत होता.

हिम्मतभाईंनी पुढे भाजक्या मातीत आणि ब्राँझमध्ये माणसांची मस्तके घडविली. लांबट, डोळे-ओठ जेमतेम सूचित केलेले, पृष्ठभागावर भेगा आणि ओरखडे. नुकतेच कोणी खणून काढले आहे की काय, असे वाटावे. पण हडप्पाच्या कोणत्याही मूर्तीशी त्यांचे रूप जुळत नाही. प्राचीन वस्तूचा आकार त्यांनी घेतलाच नाही. जमिनीखाली हजारो वर्षे राहिलेल्या वस्तूच्या अंगावर जी शांतता येते, तेवढी घेतली. २ मार्च २०२५ रोजी जयपुरास त्यांचे निधन झाले. ज्या मातीत खेळलो तिच्याखाली चार हजार वर्षे झोपली आहेत, हे कळलेल्या मुलाने आयुष्यभर त्या एका बातमीला दिलेले उत्तर, असे त्या मस्तकांकडे पाहून म्हणावेसे वाटते.

दगडात चालते, कागदावर का नाही?

मात्र ही परीक्षा नेहमीच सुखाची होत नाही. दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेच्या दारापाशी यक्ष आणि यक्षी अशा दोन भव्य मूर्ती आहेत. रामकिंकर बैज यांनी त्या घडविल्या. काम १९६७ च्या सुमारास पुरे झाले. यक्षासाठी त्यांनी मथुरेच्या संग्रहालयातील परखमचा यक्ष डोळ्यांपुढे ठेवला, यक्षीसाठी बेसनगरची यक्षी. यक्ष म्हणजे धनाचा रखवालदार, तेव्हा बँकेच्या दारात तो शोभतोच. परंतु रामकिंकरांनी त्याच्या एका हाती थैली दिली आणि दुसऱ्या हाती यंत्राचे दातेरी चाक! जुना देव नव्या कारखान्याच्या नोकरीस लागला. यक्षीच्या विवस्त्रतेवरून मात्र गहजब झाला आणि संसदेतही प्रश्न विचारला गेला. दोन हजार वर्षे जी संग्रहालयात आणि उकिरड्यात निमूट उभी होती, तिने रस्त्यावर येताच लोकांस लाज वाटू लागली.

मकबूल फिदा हुसेन यांची कहाणी याहून कडू. जन्म पंढरपूरचा, बालपण इंदूरचे, काही काळ बडोद्याच्या मदरशात अरबी अक्षरे वळविण्यात गेलेला. १९४८ साली दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांनी मथुरेची शिल्पे आणि बसोलीची चित्रे पाहिली. त्यांच्या चित्रांतील बायका तेव्हापासून शिल्पातल्या बायकांसारख्या उभ्या राहू लागल्या, कमरेत, मानेत आणि गुडघ्यात वळून. पुढे त्यांच्या देवतांच्या चित्रांवरून १९९६ पासून वाद पेटला, खटले झाले, २००६ साली त्यांनी देश सोडला आणि २०११ साली लंडनला त्यांचा अंत झाला.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले पाहिजे. देवळाच्या भिंतीवर जे आहे तेच मी काढले, असे कलावंत म्हणतो, आणि ते खोटे नाही. पण देवळाच्या भिंतीला प्रदक्षिणा असते, घंटा असते, गाभारा असतो. ते सगळे काढून घेऊन आकृती तेवढी कागदावर ठेवली की तिचा अर्थ बदलतो, असे भाविकाचे म्हणणे असते, आणि तेही खोटे नाही. यावर उपाय कायद्याचा किंवा काठीचा नव्हे. ज्याने देऊळ नीट पाहिले आहे तो चित्र पाहून बिथरत नाही, आणि ज्याने देवळाबाहेर चपला काढल्या आहेत तो चित्रकार सहसा उथळ होत नाही. दोघांचीही शाळा एकच, ती म्हणजे मूळ दगड. तो दगडच आपण पाहावयाचे सोडले आहे, हे आजच्या भांडणांचे एक मोठे कारण आहे.

कालचे झालेले प्राचीन

पुन्हा हुबळीकडे येऊ. तेथून बंगळूरच्या महामार्गाने निघाले की शिग्गाव तालुक्यात गोटगोडी येथे 'उत्सव रॉक गार्डन' लागते. टी. बी. सोलबक्कनवर या शिल्पकाराने ते उभारले. तेथे शेकडो माणसाएवढे पुतळे आहेत, पण चालुक्यांचे मूर्तिशास्त्र तेथे शोधू नये. नांगर धरलेला कुळवाडी, कुंभार, लोहार, गुरे राखणारी पोरे, दळणकांडण करणाऱ्या बाया, असा अवघा उत्तर कर्नाटकचा गाव त्यांनी सिमेंटात ओतला आहे.

प्रथम वाटते की याचा पुराणवस्तूंशी काय संबंध? थोडे थांबून पाहिले की संबंध कळतो. मोट गेली, जाते गेले, उखळ-मुसळ माळ्यावर गेले. शहरातून आलेल्या मुलांना ही अवजारे काय आहेत ते आता विचारून घ्यावे लागते, जसे आपण संग्रहालयात खापराचे नाव पाटीवर वाचतो. जी वस्तू आपल्या आजीच्या हातात होती ती आपल्या डोळ्यांदेखत प्राचीन झाली. सोलबक्कनवरांनी ती उत्खननाची वाट न पाहता आधीच जपून ठेवली. कल्याणीच्या चालुक्यांच्या पाथरवटानेही कदाचित हेच केले असेल. त्याने कोरलेल्या नर्तकी, वाजंत्री, दागिने हे त्याच्या काळचे कालपरवाचेच जग होते. प्राचीन ते आपण झाल्यावर झाले.

म्हणून वाचकांस एक विनंती. पुढच्या खेपेस हुबळीस कार्याला गेलात, तर जेवणावळ उरकल्यावर तासभर काढून अमरगोळास जावे. जमल्यास उणकल्लचे चंद्रमौळेश्वरही पाहावे. चारही दिशांस दारे असलेले ते देऊळ वाटेतच आहे. बरोबर घरातले एखादे चित्रे काढणारे पोर न्यावे आणि त्याच्या हाती वही-पेन्सिल द्यावी. फोटो क्षणात निघतो आणि क्षणात विसरला जातो. एक खांब कागदावर उतरवावयास मात्र अर्धा तास लागतो आणि तेवढ्या वेळात चरकावर कातलेली ती वर्तुळे डोळ्यांत कायमची बसतात. नकलेपासूनच आरंभ झाला होता, त्याचाही तसाच होऊ द्यावा.

देऊळ कोणी बांधले असे पोराने विचारले, तर जकणाचार्याची गोष्ट खुशाल सांगावी. पण तिच्याबरोबर दासोजाचे आणि चावणाचे नावही सांगावे. आणि बापाच्या मूर्तीवर सगळा लेप वाळला तरी एक ठिपका ओला राहिला होता, हेही विसरू नये. त्या ठिपक्यापाशी जिवंत काहीतरी होते. ते शोधण्याची पाळी आता त्या पोराची आहे.